मिसरी सुटते, पण एकटीने नाही

गरोदर बाईला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर देऊळगाव राजा तालुक्यातल्या गावांमध्ये उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. ‘बिडी ओढता का?’ या प्रश्नावर ती तोंडाला पदर लावून हसते. पण ‘दात कशाने घासता?’ असे विचारले की अनेकदा खरे उत्तर मिळते, ‘मिसरीनं.’ मग पुढचा प्रश्न, दिवसातून किती वेळा? सकाळी उठल्यावर एकदा, जेवण झाल्यावर एकदा, शेतातून किंवा शेडनेटमधल्या कामावरून आल्यावर एकदा आणि रात्री अंथरुणावर पडण्याआधी एकदा. ही बाई तिच्या हिशेबाने फक्त दात घासते. डॉक्टरच्या हिशेबाने मात्र तिच्या आणि पोटातल्या बाळाच्या रक्तात दिवसातून चार वेळा निकोटीन जाते.

गरोदरपणात तंबाखू सोडायला लावणे हे जगभरच्या आरोग्य यंत्रणांपुढचे अवघड काम आहे. उपदेश सगळीकडे करून झाला. गेल्या काही वर्षांत काही देशांनी वेगळी वाट धरली. गरोदर बाईने सिगारेट सोडली, तर तिला बक्षीस म्हणून पैसे किंवा खरेदीची कूपने द्यायची आणि सोडण्याच्या काळात तिच्या ओळखीचे एक माणूस तिच्या सोबतीला ठेवायचे. या वाटेचे फळ चांगले मिळाले आहे. आपल्याकडे सिगारेट नाही, मिसरी आहे; म्हणून ही वाट आपल्या गावांत कशी चालेल, याचा विचार करायला हवा.

तव्यावरची तंबाखू

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि मग बारीक कुटलेली तंबाखू. काही भागांत तिला मशेरी म्हणतात. बोटावर घेऊन ती हिरड्यांवर घासतात, थोडा वेळ तोंडात राहू देतात आणि मग चूळ भरतात. भाजल्यावर तंबाखूतले विष जळून जाते, असा अनेक घरांत समज आहे. तो खरा नाही. भाजूनही निकोटीन शिल्लक राहते आणि तोंडाच्या आतल्या नाजूक, पातळ आवरणातून थेट रक्तात उतरते. त्याशिवाय जळकटपणातून कर्करोगाला कारण ठरणाऱ्या घटकांची भरच पडते.

२०१६-१७ मध्ये झालेल्या प्रौढांच्या जागतिक तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १६.६ टक्के स्त्रिया धूररहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया होत्या १.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात बाई आणि तंबाखू यांचे नाते धुराचे नाही, हिरडीचे आहे. ‘धूम्रपान करू नका’ अशी पाटी लावून या बायकांपर्यंत काहीच पोचत नाही.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर बंदी घातली. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण बाजारातून सुटी तंबाखू आणून घरच्या तव्यावर भाजली, तर तिच्यावर कुठला कायदा लागणार? मिसरीचा डबा देवळीत किंवा चुलीजवळ असतो आणि तो बहुतेक वेळा घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा असतो. सुनेला पहिली मिसरी आई, सासू किंवा जाऊ यांच्यापैकीच कोणीतरी दिलेली असते. दाढ दुखते म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून, कामाच्या वेळी भूक मारायला म्हणून. दिवस गेल्यावर मळमळ होते, तोंडाला पाणी सुटते, तेव्हा ‘जराशी मिसरी लाव, बरं वाटेल’ हा सल्लाही घरातूनच मिळतो. डोहाळ्यांच्या नावाखाली तो सहज खपून जातो.

बाळाचे वजन आणि दिवस

निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. वारेतून बाळाला मिळणारे रक्त कमी होते आणि त्याबरोबर प्राणवायू आणि पोषणही. निकोटीन स्वतःही वार ओलांडून बाळापर्यंत जाते. आईने मिसरी थुंकून टाकली तरी रक्तात गेलेला भाग परत येत नाही.

याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांची घरोघर जाऊन नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा मागोवा घेतला. हा अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रियांपैकी सुमारे १७ टक्के धूररहित तंबाखू वापरत होत्या, आणि त्यातही मिसरीच जास्त. शिक्षण, आर्थिक स्थिती वगैरे फरक हिशेबात धरूनही तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ होण्याची शक्यता त्यांच्यात दीडपटीहून जास्त होती. ३२ आठवड्यांच्या आत, म्हणजे आठव्या महिन्याच्या आसपास किंवा त्याआधी प्रसूती होण्याचा धोका जवळपास पाचपट होता. याच स्त्रियांच्या माहितीवरून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या निष्कर्षात मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटीहून जास्त दिसला.

पश्चिम महाराष्ट्रात डॉ. आशा प्रतिनिधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. पहिल्या तिमाहीतल्या ७०५ स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के मिसरी लावत होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी पावणेदोनशे ग्रॅमच्या जवळपास कमी भरले.

शंभर-दीडशे ग्रॅमने काय होते, असे वाटू शकते. तीन किलोच्या बाळाला फारसे होत नाही. पण आपल्याकडे आई आधीच अशक्त असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा आईचे २ किलो ५५० ग्रॅमचे होऊ शकणारे बाळ २ किलो ४०० ग्रॅमचे झाले, तर ते दूध ओढायला, अंगाची ऊब टिकवायला आणि जंतुसंसर्गाशी झगडायला कमी पडू शकते. सहा दिवसांचेही तसेच आहे. सरासरी सहा दिवस म्हणजे बहुतेक बाळे थोडी आधी आणि काही बाळे फार आधी. फार आधी आलेल्या बाळाला घेऊन जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयाकडे धावावे लागते, तेव्हा एका चिमटीची किंमत घराला कळते.

ग्लासगोची कूपने

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात गरोदर स्त्रियांमधले धूम्रपान ही गरीब वस्त्यांची जुनी दुखरी बाजू. तिथे डॉ. डेव्हिड टॅपिन आणि सहकाऱ्यांनी सिगारेट ओढणाऱ्या ६१२ गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकावे तसे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे समुपदेशन आणि मदत मिळाली. एका गटाला त्याशिवाय खरेदीची कूपने देऊ केली, एकूण ४०० पौंडांपर्यंत. सोडण्याची तारीख ठरवायला पहिल्या भेटीला आल्यावर ५०, चार आठवड्यांनी सिगारेट बंद असल्यास आणखी ५०, बारा आठवड्यांनी १०० आणि गरोदरपणाच्या शेवटी शेवटचे २००. निकाल २०१५ मध्ये आला. नुसत्या मदतीच्या गटात ८.६ टक्के स्त्रियांनी सिगारेट सोडली, कूपनांच्या गटात २२.५ टक्के स्त्रियांनी. नंतर ब्रिटनमधल्या सात ठिकाणी ९४४ स्त्रियांवर हाच प्रयोग पुन्हा झाला. २०२२ मधल्या त्या निकालात हे प्रमाण १२.३ आणि २६.८ टक्के होते. फ्रान्समधल्या १८ प्रसूती विभागांत ४६० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सलग सिगारेट बंद ठेवणाऱ्यांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेले. तीन वेगवेगळ्या प्रयोगांत उत्तर जवळपास सारखे आले: बक्षिसाने सोडणाऱ्यांची संख्या दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. २०२३ मध्ये इंग्लंडच्या सरकारने हा उपाय देशभर नेण्याची घोषणा केली.

पैशाने असे का होते? बाळाच्या जिवाची किंमत आईला कळत नाही म्हणून नव्हे. तलफ आत्ता, या क्षणी येते. बाळाचे वजन कळते सहा महिन्यांनी. समोरची गोष्ट मोठी आणि लांबची लहान दिसणे हा माणसाच्या मनाचा स्वभाव आहे. बक्षीस त्या लांबच्या फायद्यातला एक तुकडा उचलून पुढच्या आठवड्यात आणून ठेवते. ‘या महिन्यात बंद ठेवली तर या महिन्यातच काहीतरी हातात पडेल’ हा हिशेब तलफेशी बरोबरीने झुंजू शकतो. शिवाय आपण सोडू शकतो, याची कोणीतरी दखल घेतली, हे समाधान वेगळेच.

या प्रयोगांची मर्यादाही पाहिली पाहिजे. कूपने मिळूनही दर चारांपैकी तिघी सोडू शकल्या नाहीत. दुसऱ्या ब्रिटिश प्रयोगात दोन्ही गटांतल्या बाळांच्या सरासरी वजनात ठळक फरक दिसला नाही, कारण सोडणाऱ्या स्त्रिया अजूनही थोड्याच होत्या. बाळंतपणानंतर अनेकजणी पुन्हा सिगारेटकडे वळल्या. ग्लासगोत वर्षभरानंतर कूपनांच्या गटातल्या १५ टक्के स्त्रियाच सोडलेल्या होत्या. दुसऱ्या गटात ४ टक्के. पैसा दार उघडतो, पण पुढे कोणीतरी बरोबर चालावे लागते.

सोबतिणीलाही बक्षीस

ही बरोबर चालण्याची कल्पना अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पारखून पाहिली गेली. त्यात गरीब घरांतल्या सुमारे सव्वादोनशे गरोदर स्त्रिया होत्या. प्रयोग गटातल्या प्रत्येकीने आपले एक जवळचे माणूस निवडायचे होते. मैत्रीण, बहीण, आई, कोणीही, शक्यतो स्वतः सिगारेट न ओढणारे. दर महिन्याला बाईने सिगारेट बंद ठेवल्याचे तपासणीत दिसले, तर तिला ५० डॉलरचे कूपन मिळे. आणि तिच्या सोबतिणीलाही कूपन मिळे. आठव्या महिन्यात या गटातल्या ३२ टक्के स्त्रियांची सिगारेट सुटलेली होती; साध्या सल्ल्याच्या गटात ९ टक्क्यांची. बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी हे आकडे २१ आणि ६ टक्के होते.

मिसरीच्या संदर्भात ही कल्पना ग्लासगोपेक्षा जास्त उपयोगाची आहे. सिगारेट ओढणारी बाई दुकानातून स्वतः पाकीट आणते. मिसरी मात्र घरात बनते, घरातून मिळते आणि चार बायकांनी एकत्र बसून लावली जाते. सून सोडायला तयार झाली आणि सासू रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजत राहिली, तर त्या वासानेच तलफ उठते. म्हणून इथे व्यसन एका बाईचे नसते, त्या घराचे असते. त्या घरातले एक माणूस तिच्या बाजूला आले, तर अर्धी लढाई जिंकली जाते.

ते माणूस कोण, हे बाईने ठरवायचे. कुठे ती जाऊ असेल, कुठे नवरा, कुठे शेजारीण, कुठे बचतगटातली मैत्रीण. सासूबाई सोबतीण व्हायला तयार झाल्या तर फारच उत्तम, कारण डबा त्यांच्याच ताब्यात असतो. ‘नातवाचं वजन वाढावं म्हणून पुढचे चार महिने घरात तवा चढणार नाही’ असे एखाद्या सासूने ठरवले, तर डॉक्टरच्या दहा सल्ल्यांपेक्षा त्याचा परिणाम जास्त होईल. तिला दोषी धरून नव्हे, तर सोबतीला घेऊनच हे होऊ शकते. नवरा सोबती असेल, तर त्यानेही घरात बिडी ओढणे बंद करायला हवे. त्याच्या धुराचा वाटा बाळाला मिळतोच.

आपल्याकडची एक अडचण ग्लासगोच्या तज्ज्ञांना सुचणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झाले की लेक माहेरी जाते. देऊळगाव राजा अगदी जालना जिल्ह्याच्या शिवेवर आहे; इथल्या कितीतरी सुनांची माहेरे पलीकडच्या जिल्ह्यात. तिथे आशाताई वेगळी, अंगणवाडी वेगळी, डबा वेगळा. सासरी चार महिने मिसरी सोडलेली मुलगी माहेरी आईच्या डब्याशेजारी बसते आणि पुन्हा सुरू करते. म्हणून सोबतिणी दोन हव्यात, एक सासरची आणि एक माहेरची. आणि माता-बाल संरक्षण कार्डावर ‘मिसरी बंद, अमुक तारखेपासून’ अशी ठळक नोंद हवी, म्हणजे माहेरच्या आशाताईला पहिल्याच भेटीत कळेल.

पैसे कुठून, कसे आणि कोणाच्या हातात

गरोदर बाईला अटींसह पैसे देणे आपल्याला नवे नाही. २००५ पासूनच्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रातल्या पात्र ग्रामीण स्त्रीला दवाखान्यात बाळंत झाल्यास ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. वेळेत नोंदणी आणि तपासणी केल्यावर ३,००० आणि बाळाची जन्मनोंद व पहिले लसीकरण झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. पैसे बाईच्या बँक खात्यात थेट जातात. यंत्रणा आहे, खाते आहे, आशाताई आहे. तंबाखू सोडण्यासाठीचा हप्ता मात्र या योजनांत नाही.

तो कसा असावा? ग्लासगोच्या ४०० पौंडांचे चाळीस हजारांहून अधिक रुपये होतात. तेवढ्याची इथे गरज नाही. उदाहरणादाखल, चौथ्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत दर महिन्याला मिसरी बंद असल्याचे दिसल्यास बाईला ५०० आणि सोबतिणीला २०० रुपये दिले, तर एका बाईमागे साडेतीन-चार हजारांच्या आसपास खर्च येतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात आणखी एकेक हप्ता ठेवला, तर पुन्हा सुरू होण्याचा जो काळ असतो तोही सांभाळला जाईल. आईच्या निकोटीनचा अंश दुधातूनही बाळाला जातो, म्हणून ते महिने महत्त्वाचे आहेत.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळायला हवी. आज मिळणारे मातृवंदनेचे पैसे ‘मिसरी सोडली तरच’ अशा अटीला बांधू नयेत. ते पैसे तिच्या खाण्यापिण्यासाठी आणि बुडणाऱ्या मजुरीसाठी आहेत. मिसरी न सुटलेल्या बाईचे तेही कापले, तर तिच्या बाळाला तंबाखूही मिळेल आणि उपासही घडेल. शिवाय दुसऱ्या दिवसापासून गावातली एकही बाई खरे बोलणार नाही. बक्षीस वरचे हवे. हक्काचे पैसे हक्काचेच राहायला हवेत.

खरे-खोटे कसे कळणार?

सिगारेट सोडल्याचे तपासायला परदेशात एका यंत्रात फुंकर मारून घेतात आणि श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. मिसरीला हे यंत्र चालत नाही, कारण मिसरीचा धूर फुप्फुसात जात नाही. तिथे लाळेत किंवा लघवीत कोटिनीन शोधावे लागते. निकोटीन शरीरात मोडल्यावर हा पदार्थ तयार होतो. पट्टीवर लघवीचा थेंब टाकून त्याची तपासणी करता येते.

यातही मेख आहे. गरोदरपणात कोटिनीन शरीराबाहेर लवकर पडते. साधारण नऊ तासांत निम्मे होते. म्हणजे तपासणीची तारीख आधी कळली, तर दोन-तीन दिवस मिसरी बंद ठेवून पट्टी स्वच्छ दाखवता येते. म्हणून तपासणी कधी होणार हे आधी सांगायचे नाही. उलट बाजूने, जी बाई बिड्या वळते किंवा तंबाखू हाताळते, जिच्या घरात धूर असतो, तिच्यात थोडे कोटिनीन न वापरताही सापडू शकते. तेव्हा पट्टीचा निकाल हाच न्यायनिवाडा समजू नये. तपासणी बाईच्या संमतीने व्हावी, निकाल तिच्याजवळच राहावा. गावात ‘हिला मिसरीचे पैसे मिळतात’ अशी कुजबुज सुरू झाली, तर मदतीपेक्षा मानहानी मोठी होते.

‘व्यसन सोडायला पैसे कशाला? जी कधी लावतच नाही तिने काय पाप केले?’ हा प्रश्न रास्त आहे. पण समाज खर्च आजही करतोच, बाळाच्या उपचारांवर. कमी दिवसांच्या बाळाचे अतिदक्षता विभागातले दिवस, आईची बुडालेली मजुरी, बापाच्या जालन्याच्या चकरा हे सगळे कोणीतरी भरतेच. तो खर्च आधी, थोडा आणि उपयोगी पडेल असा करायचा की नंतर, जास्त आणि कदाचित व्यर्थ, एवढाच निर्णय आहे. ‘बक्षिसासाठी कोणी मुद्दाम सुरू करेल’ ही भीती असेल, तर बक्षिसाची यादी पहिल्या नोंदणीच्या वेळच्या तपासणीवरच बंद करावी.

हप्ता येईपर्यंत

सरकारी हप्त्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. सोबतीला पैसे लागत नाहीत. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी गावांत ‘एकजुट’ या संस्थेने बायकांचे गट दर महिन्याला एकत्र बसवून गरोदरपण आणि नवजात बाळाच्या अडचणींवर गोष्टी-खेळांतून चर्चा घडवल्या. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार, अशा गावांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे ‘उमेद’चे बचतगट गावोगावी आहेत. महिन्याच्या बैठकीत पैशांचा हिशेब झाला, की गावातल्या गरोदर बायकांची मिसरी किती दिवस बंद आहे, हा हिशेबही ज्या बायका तयार असतील त्यांच्यापुरता होऊ शकतो. गटाने स्वखुशीने सुटलेल्या महिन्याला एक साडीचे कापड, तूप-गुळाचे पाकीट किंवा नुसती टाळी दिली तरी ते बक्षीसच.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या दिवशी वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांच्याबरोबर एक प्रश्न प्रत्येकीला विचारला जावा: ‘दात कशाने घासता?’ प्रत्येक भेटीत तंबाखूबद्दल विचारावे आणि त्यात धूररहित तंबाखूही धरावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ पासूनची शिफारस आहे. प्रश्न सासूसमोर नको, आणि रागावून तर नकोच.

मिसरी सोडू इच्छिणाऱ्या बाईने काय करावे? तारीख ठरवावी आणि ती सोबतिणीला सांगावी. घरातला डबा नजरेआड करावा. सासूबाईंना लागतच असेल, तर निदान तवा अंगणात, ती घरात नसताना चढावा. दात साध्या पेस्टने किंवा तंबाखू नसलेल्या दंतमंजनाने घासावेत. पहिले तीन-चार दिवस जड जातात. डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे अंगावर काढण्याचे आजार नाहीत, निकोटीन सुटल्याची लक्षणे आहेत आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफ आली की ती काही मिनिटांत उतरते. तेवढ्या वेळात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, उठून चार पावले चालावे किंवा सोबतिणीला हाक मारावी. पोट साफ होण्यासाठी भरपूर पाणी, पालेभाजी आणि भाकरी. मळमळ किंवा दाढदुखीवर मिसरी हे औषध नाही. त्यासाठी गरोदरपणात चालणारी औषधे सरकारी दवाखान्यात मिळतात. निकोटीनचे च्युइंगगम किंवा तंबाखू सोडण्याच्या गोळ्या मात्र गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो.

सहाव्या-सातव्या महिन्यात सोडून काय उपयोग, असेही विचारले जाते. बाळाचे वजन शेवटच्या तीन महिन्यांतच सर्वांत वेगाने वाढते. म्हणून पाचव्या महिन्यात सोडणे उत्तम, सातव्यात सोडणेही चांगले आणि आठव्यातही उशीर झालेला नसतो. मध्येच एकदा लावली गेली, तर सगळे संपले असे नाही. त्या दिवसापासून पुन्हा मोजायला सुरुवात करायची. सोबतिणीचे काम त्या दिवशीच सर्वांत जास्त असते. ‘लावलीस ना शेवटी’ हे वाक्य गिळायचे आणि ‘उद्या सकाळी मी येते’ एवढेच म्हणायचे.